आमचा तंबू, त्यांचा तंबू

३ मार्च, रविवार

वास! माळ्यावरून पिशवी ओढली, नाडी सोडली आणि भपकन ओकारीसारखा वास आला. हे आतल्या खोलीतून ओरडले, "अगं, काय मेलंय तिथे?" मेलं नाही काही. आमचा तंबू आहे. अकरा वर्षं गुंडाळून ठेवलेला, बिचारा.

काल माझी धाकटी जाऊ आली नसती तर अजून अकरा वर्षं तसाच राहिला असता. आली ती मोटारीची किल्ली बोटावर गरगर फिरवत. महिनाअखेरच्या शनिवारी तळ्याकाठी राहायला जायचं, आमचं घर नि त्यांचं घर मिळून, एक रात्र. विचारायला नाही, सांगायला आली होती. "आमचा नवा टेंट चौघांचा आहे, वहिनी. ठकी आमच्यात झोपेल. तुम्हा दोघांना एखादा भाड्याने आणू." आणि आमची ठकी! चौदा वर्षांची घोडी, टाळ्या पिटत उड्या मारायला लागली. "काकू, खिडकीकडची जागा माझी!"

भाड्याने म्हणे. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "आमचा स्वतःचा आहे की. तिघांचा आहे."

तिघांचा. हे जरा मोठ्यानेच म्हटलं मी.

४ मार्च, सोमवार

आज गच्चीवर पसरून पाहिला. देवा रे! तंबूला कापडं दोन. आतलं जाळीचं, ते ठणठणीत आहे. वरचं पाऊस अडवायचं, रोग त्याला. आतल्या अंगाला जो मेणचट थर असतो तो दुधावरच्या सायीसारखा सुटतोय. हाताला चिकटतो, साडीला चिकटतो. कापडात खळगा करून तांब्याभर पाणी ओतलं. दहा मोजेपर्यंत खालची फरशी ओली!

हे म्हणाले, "टाकून दे गं. त्याचं वय झालं." मी म्हटलं, "वय माझंही झालंय." हसले आणि खाली गेले.

टाकून कसा देऊ? ठकी तीन वर्षांची असताना ह्याच तंबूत आमच्या दोघांच्या मधे झोपली होती. माझी वेणी मुठीत धरून. रात्रभर कूस बदलू दिली नाही पोरीने. सकाळी मान आखडली होती माझी. तसं सुख पुन्हा मिळालं नाही.

आता वेणी सोडा, तिला माझं बोलणंही नको असतं. शाळेत काय झालं, विचारलं की "काही नाही". तेच काकूला फोनवर तासभर सांगते. गणितात नापास झाल्याचं मला कुणाकडून कळलं? धाकटीकडून! "तुम्ही ओरडाल म्हणून घाबरली होती, वहिनी. मी समजावलंय तिला." समजावलंय म्हणे. मी काय वाघीण आहे?

६ मार्च, बुधवार

सुचलं! दिवे गेले की लावायच्या मेणबत्त्यांची थोटकं मी डब्यात साठवते. हे चेष्टा करतात. आज तोच डबा कामाला आला. आमची आई छत्रीच्या कापडाला मेण घासायची, ते डोळ्यांपुढे होतं. थोटकं कापडावर घासली, वरून जुन्या पंच्याची घडी ठेवून कोमट इस्त्री फिरवली. चार तास. मग पाणी ओतलं. मोती! अगदी मोत्यासारखे थेंब, इकडून तिकडे पळतायत.

ठकीला हाक मारली. आली, पाहिलं, "छान" म्हणाली आणि फोन कानाला लावून गेली. पलीकडून धाकटीचं हसू ऐकू आलं मला.

७ मार्च, गुरुवार

घडी घातली तिथे तिथे मेण तडकलं. उन्हात होतं तिथे ओघळलं. चार तास पाण्यात.

९ मार्च, शनिवार

शिकाऱ्यांचं, गिर्यारोहणवाल्यांचं सामान विकतात त्या दुकानात गेले. धाकटीने तिचा तंबू तिथूनच घेतलाय. म्हातारा दुकानदार. चष्मा कपाळावर ठेवून शोधतो. मेणाचं सांगितलं तर हसून हसून खाली बसला. "बाई, तुम्ही तंबूला इस्त्री केलीत?" मला राग यायला हवा होता. मीही हसले.

मग मात्र त्याने नीट सांगितलं. नवा तंबू गळ्यात मारायला पाहिला नाही, भला माणूस. मी दुकानाच्या बिलामागेच लिहून घेतलं. मॅट्रिकपर्यंत शिकलेय, सांगितलेलं टिपून घेता येतं मला. आधी मेण काढा. मग आतला सुटलेला थर स्पिरिटने पुसून पूर्ण काढा. अर्धवट ठेवलात तर नवा थर त्याच्यासकट सुटेल. मग शिवणी. पाणी नुसतं कापडातून नाही येत, सुईच्या भोकांतूनही येतं. शिवणींवर ट्यूबमधलं सीलर बोटाने नाही, ब्रशने. मग सगळ्या कापडाला पाणी अडवणाऱ्या लेपाचा पातळ थर. एक. वाळू द्या. मग दुसरा. घाई नको.

आणि निघताना दारातून हाक मारून: "धुवाल तेव्हा गार पाणी आणि अंगाचा साबण. गरम पाणी आणि कपड्यांची पावडर, दोन्ही एकत्र घातलंत तर संपलं! शिवणींवर आतून चिकटवलेल्या पट्ट्या उचलून येतात. नव्याकोऱ्या तंबूचीसुद्धा चाळण होते."

११ मार्च, सोमवार

मेण काढण्यात दोन दिवस गेले. बोटांची टोकं सोलली. जपाला बसले तर मणी सरकताना झोंबत होते.

१४ मार्च, गुरुवार

स्पिरिट आणि जुन्या बनियनच्या चिंध्या. गच्चीवर वारं असतं म्हणून बरं, नाहीतर चक्कर यावी. जुना थर बोळ्यांसारखा निघतो. हातभर कापड साफ करायला अर्धा तास. शेजारीण वर कपडे वाळत घालायला आली. "एवढं घासताय, कुणाचं लग्न आहे की काय?" म्हटलं, "असंच समजा."

वास मात्र गेला. आज पहिल्यांदा नाक खुपसून पाहिलं. नुसत्या कापडाचा वास.

१६ मार्च, शनिवार

शिवणी आज. एकूण अकरा. पोटावर पडून ब्रशने. सीलर मधासारखं ओघळतं, थांबलं की लगेच फुगा धरतं. सातवीपर्यंत हात बसला. हे चहा घेऊन वर आले. उकिडवे बसून पाहत राहिले आणि म्हणाले, "तू मला एवढं कधी जपलं नाहीस." मी म्हटलं, "तुम्ही गळत नाही." खूप दिवसांनी दोघं हसलो.

धाकटी आणि भाऊजी आज ऑफिसच्या लोकांबरोबर नवा तंबू घेऊन कुठल्या टेकडीवर गेलेत. ठकीला विचारलं होतं. परीक्षा आहे म्हणून मी नको म्हटलं. दिवसभर तोंड फुगवून बसली. जेवताना मीठ मागितलं, ते यांच्याकडे.

१८ मार्च, सोमवार

केस कापून आली! खांद्याच्या वर! काकूबरोबर गेली होती. "आई, किती हलकं वाटतंय बघ." दारातच मान हलवून दाखवत होती.

गेली नऊ वर्षं रोज सकाळी मी तिची वेणी घालते. दिवसाकाठी तेवढीच दहा मिनिटं ती माझ्यासमोर पाठ करून गप्प बसते. कधी बोलतेही. पाठमोरी असली की बोलते.

मागून धाकटी आली, हसत. "शोभतात ना, वहिनी? कधीची मागे लागली होती माझ्या." मी म्हटलं, "शोभतात." तिच्या हातात ती तंबूची पिशवी. "आणि तुम्ही आता तंबूंच्या डॉक्टर झाल्यात, तर आमचाही तेवढा धुऊन द्याल? चिखलाने माखलाय. मला मेलीला सुट्टीच नाही."

मी धोबीण! केस तिने कापायचे, तंबू मी धुवायचा.

आणि ठकी आतून, "नीट धू हं आई, मी झोपणारेय त्यात!"

मूल नाही तिला. म्हणून माझ्या मुलीवर अर्धा हक्क सांगते. हे लिहिलं आणि हात थांबला. असं मनात आणू नये. देवापुढे नाक घासलं. तरी पुसत नाही हे वाक्य. राहू दे.

२० मार्च, बुधवार

आज मी एक केलं.

हे कामावर, ठकी शाळेत. धाकटीचा तंबू न्हाणीघरात मोठ्या टपात टाकला. गार पाणी भरलं. अंगाचा साबण हातात घेतलाही. कापड काय सुरेख! निळं, गुळगुळीत, एक सुरकुती नाही. खिडकीची झडप उघडून पाहिली. इथे ठकीचं डोकं येणार. मला वाटलं, रात्री पाऊस यावा आणि हा गळावा. गळला की ठकी उशी काखेत मारून माझ्याकडे पळत येईल. नुसतं वाटलं. वाटण्यावर कुणाचा ताबा?

मग टप उपडा केला, बंबातलं कढत पाणी घातलं. पावडरीचा डबा उघडला आणि मोजलं नाही. मी! जी चमचा सपाट करून घेते ती. दुपारपर्यंत भिजत ठेवला. वर ब्रशने आतली शिवण न् शिवण घासली. पट्ट्यांची टोकं उचलली गेली, ती मी पाहिली. पाहूनही घासत होते.

संध्याकाळी वाळवून, घडी घालून, पिशवीत. वरून काही दिसत नाही. चिखलाचा डागसुद्धा नाही.

२१ मार्च, गुरुवार

धाकटी पिशवी घेऊन गेली. "इतका स्वच्छ! वहिनी, तुमच्या हाताला काय जादू आहे!" माझे दोन्ही हात धरले. सोललेली बोटं पाहिली. संध्याकाळी भाऊजींच्या हाती मलमाची डबी पाठवली.

लावलं नाही.

२४ मार्च, रविवार

दुसरा थर वाळला. गच्चीवर उभा केला आमचा तंबू. ह्यांनी नळी धरली, मी आत बसले. पंधरा मिनिटं ताडताड पाणी. डोक्यावर कापडावरून ओघळ पळताना दिसत होते. आत मी कोरडी, खडखडीत. एक थेंब नाही, शिवणीतूनसुद्धा नाही! बाहेरून हे ओरडले, "आहेस का वाहून गेलीस?"

ठकी वाकून आत आली. मांडी घालून बसली. छताला बोट लावलं. "आई, हे तू एकटीने केलंस?"

बस. एवढंच. पण आज जेवण गोड लागलं.

मग ती म्हणाली, "काकूला फोटो पाठवते." झालं.

२८ मार्च, गुरुवार

रेडिओवर पावसाची शक्यता सांगितली. हे म्हणतात, रद्द करू. धाकटीचा फोन, "रद्द कशाला? तंबू कशासाठी असतात?" मी फोनपाशीच उभी होते. तेव्हा सांगता आलं असतं. धाकटे, तो धुताना चूक झाली, म्हटलं असतं. चूक म्हटलं असतं तरी चाललं असतं. "बरं" म्हटलं.

सकाळी देवापुढे बसले ते नुसतीच बसले.

३१ मार्च, रविवार (परत आल्यावर)

सगळं लिहायचं. काही गाळायचं नाही.

काल चारला पोचलो. तळं, उतार, झाडं. दोन तंबू दहा पावलांवर. त्यांचा उघडला की आपोआप उभा राहतो. आमचा उभा करायला अर्धा तास, आणि हे नि भाऊजी एका काठीवरून भांडले. अंधार पडायच्या आत मी बटाटे भाजायला घेतले. झाडाआडून धाकटीचा आवाज आला. ठकीशी बोलत होती, मी आहे हे तिला माहीत नव्हतं.

"आज तू आईकडे झोपायचंस."

"पण काकू, आपलं ठरलं होतं. खिडकी!"

"खिडकी जाते कुठे? महिनाभर हात सोलून घेतलेत तुझ्या आईने. कुणासाठी वाटतं तुला, तुझ्या बाबांसाठी? अगं, मी रोजचीच आहे. जा. आणि मी सांगितलं म्हणून आलेय असं दाखवू नकोस, कळलं?"

हातातला बटाटा राखेत पडला.

ठकी आली. उशी काखेत मारून. "आई, मी तुझ्याकडे झोपू?" हेच ऐकायचं होतं ना मला? हेच!

पहाटे पाऊस आला. चांगला धो धो, तासभर. आमच्यात एक थेंब नाही. ठकी माझ्या दंडावर डोकं ठेवून, आखूड केस माझ्या हनुवटीला टोचतायत. दहा पावलांवर आधी धाकटीचं हसू. "अहो, नाव आणा नाव!" मग भांडी हलल्याचा आवाज. मग भाऊजी, "अंथरूणसुद्धा गेलं." मग हसणं थांबलं. मग मोटारीचं दार. मग तिचा खोकला, काचेआडून, कितीतरी वेळ.

हे उठून छत्री घेऊन गेले. मी उठले नाही. दंडावर ठकीचं डोकं आहे, असं मी मनाशी म्हटलं. ठकी जागी होती. डोळे उघडे. छताकडे पाहत होती.

सकाळी सगळे माझ्या तंबूचं कौतुक करत होते. हे तर भाऊजींना सांगत सुटले. "बघ, म्हाताऱ्या तंबूने लाज राखली!" धाकटी पांघरुणात गुरफटून चहा पीत होती. नाक लाल. "वहिनी, पुढच्या वेळी मलापण घ्या तुमच्यात. मी पायाशी झोपेन." ओल्या निळ्या कापडावरून पट्ट्या लोंबत होत्या. कोणी पाहू नये म्हणून मीच घाईघाईने घडी घातली.

एवढं कोरडं कधी राहिले नव्हते. आणि एवढी गारठलेही नव्हते.

१ एप्रिल, सोमवार

धाकटीला ताप. रजा घेतली म्हणे. फोनवर आवाज बसलेला, पण राग ताजा. "दोन महिने नाही झाले, पट्ट्या सुटल्या? बुधवारी जाऊन त्या म्हाताऱ्याच्या काउंटरवर आपटते टेंट. फसवलंन मला. सगळ्या ऑफिसला सांगणारेय, त्या दुकानात पाऊल टाकू नका."

तो म्हातारा, चष्मा कपाळावर ठेवून शोधणारा. ज्याने मला नवा विकला नाही. कापड हातात घेतलं की त्याला कळेल, गरम पाणी आणि पावडर. सांगेलही. धाकटी विश्वास ठेवणार नाही. वहिनी कसं करतील असं? म्हणजे खोटा तोच ठरणार.

बुधवारच्या आत बोलायला हवं. काय गमावणार? ठकी. ठकीला कळलं की काकूला भिजवायला आईने... आहे ते बोलणंही बंद होईल. केस टोचत होते हनुवटीला, ते शेवटचं ठरेल.

संध्याकाळी ठकी सायकल काढून गेली, वही आणायची म्हणून. दीड तासाने आली. वही कसली! गेली असणार काकूच्या उशाशी बसायला. आताही तेच सलतं मला, मेलीला. लाज नाही.

जप केला. तीनदा मोजणी चुकली. उद्या जायचंच.

२ एप्रिल, मंगळवार

गेले. वाटेत वाक्य घोकत होते. धाकटी पडून होती. मला पाहून उठून बसली आणि माझ्याआधी तीच बोलली. "वहिनी, पोरीला बोलू नका. काल संध्याकाळी येऊन ढसाढसा रडली. म्हणाली, काकू, टेंट आईने नाही, मी धुतला. कढत पाण्यात, पावडर घालून. दुकानदाराशी भांडू नकोस. आईला सांगू नकोस."

कढत पाणी. पावडर. हे मी ह्या वहीशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. आणि ही वही देवाच्या फडताळात, किल्ली माझ्या कमरेला. म्हणजे त्या बुधवारी शाळेतून लवकर येऊन न्हाणीघराच्या दारात ती उभी होती. सगळं पाहून माझ्या दंडावर झोपली होती.

मी धाकटीच्या पलंगाच्या कडेला बसले. म्हटलं, "ठकी खोटं बोलली तुझ्याशी."